गाडी चालवताना पिस्तूल नेमकं कुठे असावं?

अमेरिकेत पिस्तूल बाळगण्याचा परवाना हातात पडला की पहिल्याच आठवड्यात एक अडचण समोर येते. घरात तिजोरी असते, कमरेला होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) असतं, पण दिवसाचा बराच वेळ जातो गाडीत. बसल्यावर पिस्तूल बरगडीत टोचतं, वरून सीटबेल्ट येतो आणि हात आपोआप सोयीच्या जागा शोधू लागतो: सीटखाली, ग्लव्ह बॉक्समध्ये, दोन सीटांमधल्या कन्सोलमध्ये, दाराच्या कप्प्यात. शिवाय स्टिअरिंगखाली पिस्तूल चिकटवायच्या चुंबकाच्या जाहिराती आहेतच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांसाठी योग्य जागा गाडीत नाहीच, ती अंगावर आहे. गाडीत हवी ती एक पोलादी पेटी, आणि तीसुद्धा फक्त त्या थोड्या वेळापुरती, जेव्हा कायदा किंवा एखादी इमारत पिस्तूल आत नेऊ देत नाही. यालाही अपवाद आहेत, आणि ते बहुतेक कायद्याने घातलेले आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या आधी. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत असाल, तर संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हाच सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. काही अपवाद आहेत, त्यातला ठळक म्हणजे वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं झाली आहे. आणि इथे मालकी कोणाची हा प्रश्न नसतो, ताबा कोणाचा हा असतो. मित्राचं पिस्तूल तुमच्या कन्सोलमध्ये राहून गेलं आणि ते तिथे आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर ‘माझं नाही’ एवढं म्हणून भागेलच असं नाही.

हाताशी म्हणजे किती हाताशी?

‘सुरक्षित’ आणि ‘हाताशी’ या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. कुलूप लावलं की हात लांब जातो. हात जवळ आणला की तो मुलाचाही जवळ येतो आणि चोराचाही. विक्रेते हा ताण ‘अर्ध्या सेकंदात हातात’ अशा वाक्यांनी मिटवतात. पण त्या अर्ध्या सेकंदाचा उपयोग कधी होणार, हे कोणी विचारत नाही.

गाडी चालू आहे आणि पुढचा रस्ता मोकळा आहे, तर चालकाकडे सगळ्यात चांगला उपाय पायाखालीच असतो. निघून जा, असंच बहुतेक प्रशिक्षक सांगतात. गाडी हिसकावण्याचे प्रकार घडतात ते मुख्यतः गाडी थांबलेली असताना: पार्किंगमध्ये, पेट्रोल भरताना, सिग्नलला, घरासमोर उतरताना. यातल्या निम्म्या ठिकाणी तुम्ही गाडीच्या बाहेर उभे असता, किंवा एक पाय आत आणि एक बाहेर. अशा वेळी कन्सोलमधलं पिस्तूल तुमच्या कामाचं राहत नाही. ते गाडीबरोबर चोराला मिळतं. स्टिअरिंगखालच्या चुंबकाचंही तेच. म्हणजे ज्या प्रसंगासाठी माणूस ही जोडणी विकत घेतो, नेमक्या त्याच प्रसंगी ती निकामी ठरते. कमरेवरचं पिस्तूल काढायला बसल्या जागी दोन सेकंद जास्त लागतील, पण तुम्ही जिथे असाल तिथे ते असेल.

चाप झाकलेला हवा

आता यंत्राकडे. आज सर्वाधिक खपणाऱ्या पिस्तुलांपैकी बऱ्याच, ग्लॉकसारख्या, पिस्तुलांना बाहेरून फिरवायची सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, नसते. खाली पडल्यावर गोळी सुटू नये यासाठी आत अडसर असतात, पण चाप पूर्ण दाबला गेला की गोळी सुटते. तो कोणी दाबला याच्याशी पिस्तुलाला देणंघेणं नाही. बोट असो, पेन असो, किल्लीचा जुडगा असो की सीट मागेपुढे करायची दांडी. म्हणून होल्स्टरचं पहिलं काम पिस्तूल धरून ठेवणं हे नाहीच. चाप आणि त्याभोवतीची कडी कठीण आवरणाने पूर्ण झाकणं हे आहे. कायडेक्ससारखं कडक प्लास्टिक किंवा आकार न सोडणारं जाड चामडं हे काम करतं. जुनं, मऊ पडलेलं चामडं किंवा बाजारात मिळणाऱ्या ‘सगळ्या पिस्तुलांना बसणाऱ्या’ कापडी पिशव्या करत नाहीत, कारण दाब पडला की त्यांची घडीच चापावर येऊ शकते.

या एका निकषावर गाडीतल्या बहुतेक सोयीच्या जागा बाद होतात. सीटखाली, कन्सोलमध्ये, दाराच्या कप्प्यात सुटं ठेवलेलं पिस्तूल म्हणजे उघडा चाप आणि आजूबाजूला सटरफटर वस्तू. चुंबकावरही चाप उघडाच असतो, कारण चुंबकाला चिकटायला धातूचा पृष्ठभाग लागतो.

२०१६ मध्ये दोन महिन्यांत घडलेल्या दोन घटना हे शब्दांपेक्षा स्पष्ट सांगतात. मार्चमध्ये फ्लोरिडात एक आई पिकअप चालवत होती. मागे बसलेल्या तिच्या चार वर्षांच्या मुलाच्या हाती पिस्तूल लागलं आणि गोळी सीटमधून तिच्या पाठीत शिरली. ती वाचली. एप्रिलमध्ये मिलवॉकीत पिस्तूल ड्रायव्हरच्या सीटखालून सरकत मागे आलं, दोन वर्षांच्या मुलाने ते उचललं, आणि गाडी चालवणारी त्याची आई मरण पावली. दोन्ही ठिकाणी पिस्तूल कोणी मुलासमोर ठेवलेलं नव्हतं. ते सुटं होतं, आणि गाडीत सुटी वस्तू जागेवर राहत नाही.

त्याचं कारण शाळेतल्या विज्ञानाचं आहे. ब्रेक दाबला की गाडी थांबते, सुटी वस्तू पुढे जात राहते. वेग घेतला की तीच मागे सरकते. पंधरा गोळ्यांनी भरलेलं मध्यम आकाराचं पिस्तूल पाऊण किलोच्या वर भरतं. ताशी ३० मैलांवर गाडी कशाला तरी धडकली, तर हा धातूचा गोळा ताशी ३० मैलांनीच पुढे निघतो, आणि वाटेत जे येईल त्यावर आदळतो. चुंबकावर लिहिलेली ताकद सरळ समोरून ओढण्याची असते. आडव्या धक्क्याला तो तिच्या लहानशा हिश्श्याइतकाच टिकतो. आणि अनेक नव्या गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या खालच्या भागात गुडघ्यांसाठीची एअरबॅग असते. तिच्या तोंडावर पिस्तूल बसवणं म्हणजे अपघातात ते कुठे फेकलं जाईल हे दैवावर सोडणं. एखाद्या सुज्ञ माणसाने ही वस्तू का विकत घ्यावी, हे मला अजून कळलेलं नाही.

अंगावर, पण कुठे

अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. बेल्ट डाव्या खांद्यावरून येतो आणि उजव्या कमरेशी कुलपात अडकतो. उजव्या हाताने पिस्तूल वापरणारा माणूस ते सहसा उजव्या कमरेवर, किंचित मागे लावतो. म्हणजे नेमकं बेल्टच्या कुलपाशी आणि सीटच्या उंचावलेल्या कडेला. चालताना ही जागा उत्तम, बसल्यावर अवघड. तरीही ज्याला इतर कुठलीच जागा सवयीची नाही, त्याने हीच ठेवावी. बेल्ट आधी नीट लावून मग शर्टाची कड बेल्टमधून मोकळी काढून घेतली, की निम्मी अडचण जाते.

पोटाच्या पुढच्या बाजूला, पँटच्या आत लावायची पद्धत गेल्या दशकभरात फार पसरली. बसलेल्या अवस्थेत हात सहज पोचतो, शर्ट वर केला की झालं. पण बसल्यावर नळीचं तोंड मांडीकडे किंवा जांघेकडे वळतं, आणि तिथून जाणारी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. ही जागा निवडायची तर होल्स्टरवर पैसे वाचवू नयेत, आणि बसल्या बसल्या पिस्तूल पुन्हा होल्स्टरमध्ये सारण्याचा विचारही करू नये. आणखी एक: बेल्टचा आडवा पट्टा कमरेच्या हाडांवर, खालीच राहिला पाहिजे. पिस्तुलामुळे तो पोटावर चढत असेल, तर होल्स्टरची उंची किंवा जागा बदला. बेल्ट तुम्हाला रोज लागणार आहे. पिस्तूल बहुधा कधीच नाही.

डाव्या कमरेवर, मूठ उजवीकडे ठेवून लावायची पद्धत चालकांमध्ये जुनी आहे. बसल्यावर ती खरोखर सोयीची आहे, पण पिस्तूल काढताना नळी स्वतःच्या डाव्या हातावरून आणि दारावरून फिरते, त्यामुळे शिकल्याशिवाय नको. काखेतल्या होल्स्टरमध्ये पिस्तूल आडवं असेल तर नळी मागच्या सीटकडे रोखलेली असते, आणि मागे मूल बसत असेल तर विषय तिथेच संपला. घोट्यावरचं होल्स्टर दुसऱ्या, छोट्या पिस्तुलासाठी ठीक. पर्स किंवा बॅग शेजारच्या सीटवर ठेवण्याबद्दल वेगळं सांगायला नको. पहिल्या जोरदार ब्रेकला ती खाली जाते आणि पेट्रोल पंपावर ती सगळ्यात आधी उचलली जाते.

सराव करायचा तर घराच्या बंद गॅरेजमध्ये, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, निळ्या प्लास्टिकच्या नकली पिस्तुलाने. दुकानाच्या पार्किंगमध्ये हे करत बसलात तर कोणीतरी पोलिसांना फोन करेल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

पेटी आणि ती वापरायची वेळ

न्यायालय, शाळा, काही राज्यांत दवाखाना किंवा बार. पिस्तूल सोडून जावंच लागेल अशी ठिकाणं असतात. तिथे गाडी म्हणजे सगळीकडे काचा असलेली खोली. एफबीआयकडच्या नोंदींची गेल्या काही वर्षांतली विश्लेषणं पाहिली, तर चोरीला जाणाऱ्या बंदुकांपैकी सुमारे निम्म्या गाड्यांमधून जातात. त्याआधीच्या दशकात हे प्रमाण बरंच कमी होतं. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका संघराज्य अधिकाऱ्याने आपलं पिस्तूल गाडीत बॅगेत ठेवलं होतं. काच फोडून ते चोरीला गेलं, आणि चारच दिवसांनी त्याच पिस्तुलाच्या गोळीने धक्क्यावर फिरायला आलेली एक तरुणी ठार झाली. तो अधिकारी प्रशिक्षित होता. प्रशिक्षण काचेला जाडी देत नाही.

पेटी जाड पोलादाची घ्या, आणि ती गाडीला बांधलेली असावी. साधारणपणे पेटीबरोबर पोलादी तार येते, ती सीटच्या लोखंडी चौकटीभोवती फिरवून पेटीत अडकवायची. ही तार मोठ्या कातरीने तुटते, यात संशय नाही. पण काच फोडून ३० सेकंदांत पळणाऱ्या चोराकडे सहसा कातर नसते, आणि गाडीतल्या बहुतेक चोऱ्या अशाच असतात. त्याहून चांगलं म्हणजे कन्सोलच्या आत बोल्टने बसवायची तिजोरी. गाडीच्या मॉडेलनुसार ती मिळते. कुलूप कोणतं? बोटाच्या ठशाचं कुलूप जाहिरातीत छान दिसतं. पण घामट बोट, थंडीत कोरडी पडलेली त्वचा आणि संपलेली बॅटरी त्याला चालत नाही. यांत्रिक बटणांचं कुलूप मला बरं वाटतं. बॅटरी नाही, किल्ली नाही, अंधारात बोटांनी मोजून उघडता येतं.

पेटी कशी वापरायची हे पेटीपेक्षा महत्त्वाचं. गाडीत अपघाताने गोळी सुटण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते ती पिस्तूल काढण्या-ठेवण्याच्या क्षणी, स्टिअरिंग आणि सीटच्या चिंचोळ्या जागेत, घाईत. म्हणून पिस्तूल होल्स्टरमधून काढूच नये. होल्स्टरसकट निघेल अशी क्लिप निवडावी, आणि चाप झाकलेल्या अवस्थेतच ते सगळं पेटीत जावं. होल्स्टरसकट पेटीत मावतं का हे विकत घेण्याआधी मोजून पाहा. बऱ्याच पेट्या उघड्या पिस्तुलाच्या मापाच्या असतात, आणि हे घरी आल्यावर कळतं. दुसरं, हे काम मुक्कामाच्या पार्किंगमध्ये करू नका. तिथे कोण पाहतंय ते कळत नाही. आधीच्या एखाद्या शांत थांब्यावर उरका.

रात्रभर मात्र गाडीत नाही. पेटी असली तरी नाही. आणि मागच्या काचेवर बंदूक कंपनीचं स्टिकर लावून चोराला आमंत्रण देणारे लोक रस्त्यावर रोज दिसतात, त्यांना काय म्हणावं. पिस्तुलाचा अनुक्रमांक घरी लिहून ठेवा. चोरी झाली तर तक्रारीत तोच लागतो.

उन्हाची भीती अनेकांना असते. उन्हात तापलेल्या गाडीत गोळ्या आपोआप उडत नाहीत. त्याला फार वरचं तापमान लागतं. महिनोन्‌महिने तिथेच ठेवल्या तर गोळ्यांतली दारू खराब होऊ शकते, पण तसं ठेवायचंच नाही.

कायदा जागा ठरवतो

इथवर सगळं यंत्राचं आणि सवयीचं झालं. पण काही ठिकाणी निवड तुमच्या हातात नसतेच. ग्लव्ह बॉक्सचंच पाहा. फ्लोरिडात खासगी गाडीत पिस्तूल ‘नीट बंदिस्त’ असावं अशी जुनी तरतूद आहे, आणि तिच्या व्याख्येत ग्लव्ह बॉक्स कुलूप नसला तरी बसतो. कॅलिफोर्नियात, तिथला परवाना नसेल तर, पिस्तूल रिकामं करून डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत न्यावं लागतं, आणि ग्लव्ह बॉक्सला कुलूप असलं तरी तो पेटी मानला जात नाही. टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याविनाही गाडीत पिस्तूल ठेवता येतं, पण ते बाहेरून दिसत असेल तर होल्स्टरमध्येच हवं. कोलोरॅडोत १ जानेवारी २०२५ पासून माणूस नसलेल्या गाडीत पिस्तूल सोडायचं तर ते कुलूपबंद, कठीण कवचाच्या पेटीत, नजरेआड आणि गाडीलाही कुलूप लावूनच.

गोंधळ होतो तो राज्याची सीमा ओलांडताना. पिस्तुलाचा परवाना ड्रायव्हिंग लायसन्ससारखा देशभर चालत नाही. कोणतं राज्य कोणाचा परवाना मानतं याची यादी प्रत्येक राज्याची वेगळी, आणि ती बदलते. २०२२ च्या ब्रुएन निकालात सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला, त्यामुळे परवाना मिळणं अनेक ठिकाणी सोपं झालं. पण दुसऱ्या राज्याचा परवाना मानायची सक्ती त्याने केली नाही. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना असलेली एक महिला न्यू जर्सीत थांबवली गेली. तिने स्वतःहून पोलिसाला पिस्तुलाबद्दल सांगितलं आणि तिला अटक झाली, कारण न्यू जर्सी तो परवाना मानत नव्हतं. काही वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार होती. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली.

अशा राज्यांतून नुसतं पार जायचं असेल तर १९८६ चा एक संघराज्य कायदा मदतीला येतो. निघण्याच्या आणि पोचण्याच्या, दोन्ही ठिकाणी पिस्तूल बाळगणं तुम्हाला कायदेशीर असलं पाहिजे. पिस्तूल रिकामं हवं. ते आणि गोळ्या बसायच्या जागेतून हाताला येता कामा नयेत. वेगळी डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी हवी, आणि इथेही ग्लव्ह बॉक्स आणि कन्सोल चालत नाहीत. हे संरक्षण प्रवासापुरतं आहे. विमान चुकल्यामुळे न्यू जर्सीत रात्र काढावी लागलेल्या एका प्रवाशाने पिस्तूल असलेली बॅग हॉटेलवर नेली, आणि तेवढ्याने हे कवच सुटलं, असं संघराज्याच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं. म्हणजे अशा राज्यातून जाताना ‘हाताशी’ हा शब्द विसरायचा. मेक्सिकोची सीमा तर नकाशावर लाल रंगाने खुणावून ठेवा: २०१४ मध्ये चुकीच्या वळणाने तिहुआनात शिरलेला एक माजी अमेरिकन सैनिक ट्रकमधल्या बंदुकांमुळे सात महिने तुरुंगात होता.

एक सापळा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेण्याला संघराज्य कायद्याची बंदी आहे. त्या राज्याने स्वतः दिलेला परवाना असेल तर सूट मिळते. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगू देणारी राज्यं आता निम्म्याहून अधिक आहेत, पण तिथेही परवाना न काढलेल्याला सर्वसाधारणपणे ही सूट नाही. त्याचं पिस्तूल त्या टापूत रिकामं आणि कुलूपबंदच हवं. शहरात गाडी चालवायची आणि शाळेच्या १,००० फुटांत यायचं नाही, हे जवळपास अशक्य. म्हणून राज्यात गरज नसली तरी परवाना काढून ठेवणं शहाणपणाचं.

पोलिसांनी थांबवलं तर

ग्लव्ह बॉक्सविरुद्धचं सगळ्यात वजनदार कारण इथे आहे: गाडीची नोंदणी आणि विम्याचे कागद तिथेच असतात. पोलीस कागद मागतो, तुम्ही झाकण उघडता, आणि त्याला आधी दिसतं पिस्तूल. कागद सूर्यरोधक पट्टीला अडकवा, पाकीट पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूच्या खिशात ठेवा. गाडी थांबवल्यावर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. मिशिगनमध्ये पिस्तूल जवळ आहे हे लगेच, न विचारता सांगावं लागतं. ओहायोने २०२२ मध्ये हा नियम सैल करून विचारल्यावर सांगणं पुरेसं केलं. नियम काहीही असो, सांगताना हात हलवू नका, आणि ‘गन’ या शब्दाने वाक्य सुरू करू नका. ‘माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल उजव्या कमरेवर आहे, मी काय करू ते सांगा’ एवढं बास. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये परवानाधारक चालकाने पिस्तुलाबद्दल सांगितलं आणि ओळखपत्राकडे हात नेला. पोलिसाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि तो मरण पावला. पुढे ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवलं. नीट वागूनही सगळं तुमच्या हातात नसतं, हे यातून लपत नाही. निदान हाताची हालचाल तरी आधी विचारून करावी.

अपघाताचाही एकदा विचार करून ठेवा. तुम्हाला रुग्णवाहिकेतून नेलं तर अंगावरचं पिस्तूल पोलीस किंवा वैद्यकीय पथक काढून घेतं, आणि ते परत मिळवायची वाट ठरलेली असते. शुद्धीवर असाल तर पहिल्या माणसाला ते कुठे आहे ते सांगा, स्वतः हात लावू नका. पिस्तूल गाडीत असेल तर ते चुरगळलेल्या गाडीसोबत टोइंगच्या आवारात जातं. म्हणून पेटीचं कुलूप कसं उघडायचं हे घरातल्या एका, कायद्याने बंदूक हाताळू शकणाऱ्या माणसाला माहीत असू द्या, आणि टोइंगवाल्याला फोन करण्याआधी घटनास्थळच्या पोलिसाला पेटीबद्दल सांगा.